नाडीखालची बुरशी

डॉक्टरला दाखवायला गेले त्या दिवशी, दाखवायची जागा मी आधीच घासूनपुसून लख्ख करून ठेवली होती. हा माझा मूर्खपणा. एकदा कबूल करून टाकला की पुढचं लिहायला निवांत बसता येईल असं वाटलं होतं, पण नाही. एवढ्या दोन ओळी होईपर्यंत डावा हात दोनदा कमरेकडे जाऊन आला. तिथे आता काही नाही. सहा वर्षं झाली त्याला. पण हाताला कोण समजावणार.

कामाला बाई येणार म्हणून आपण खरकटी भांडी आधीच विसळून ठेवतो ना, तसंच झालं ते. परक्या बाईसमोर कंबर उघडी करायची तर ती निदान स्वच्छ तरी हवी. म्हणून सकाळी कढत पाणी घेतलं, टाचा घासायची वजरी घेतली आणि कमरेवरचा तो चट्टा असा घासला की डोळ्यांतून पाणी आलं. वर मलम चोळलं. मलमावर पावडर. गाडीत बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, लग्नाला चाललीयस का? केवढा घमघमाट."

डॉक्टरीणबाईंनी एक बोथट पातं काढलं. चट्ट्याच्या कडेच्या खपल्या खरवडून तपासणीला पाठवायच्या होत्या. त्या वाकून वाकून शोधत राहिल्या. खपल्या केव्हाच वेलिंग्टनमधल्या आमच्या जॉन्सनव्हिलच्या गटारातून समुद्राच्या वाटेला लागलेल्या. शेवटी हाती लागलं ते थोडं, बहुधा पावडरच, त्यांनी डबीत भरलं. तीन आठवड्यांनी निरोप आला की बुरशी आढळली नाही. मी शिरा केला. पास झाले म्हणून.

आता असा शिरा करणारी ही बाई कोण, तर पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दर वर्षी स्टीलच्या डब्यात ओला पाव घालून मी तो कपाटाखाली सरकवायचे, आणि चार दिवसांनी पोरं नाक धरून भिंगातून त्याच्यावरची लव बघायची. ओल, ऊब आणि अंधार, बुरशीला एवढं पुरतं, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. परीक्षेत प्रश्न ठरलेला: सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. आकृती काढली आणि नावं दिली नाहीत, तर मी अर्धे गुण कापायचे. आणि माझ्याच कमरेवर कुणीतरी कंपास फिरवावा तशी सुबक आकृती उमटली, तर तिला नाव द्यायला माझी जीभ उचलेना. घरात मी सांगितलं, "उष्णतेचं पुरळ आहे." वेलिंग्टनच्या जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत.

मी इथे न्यूझीलंडला आले ती नातीसाठी. मुलगी आणि जावई दोघंही शिकायला म्हणून आले आणि इथलेच झाले. दोघांच्या नोकऱ्या. नात तेव्हा सहा वर्षांची. तिला तीन वाजता शाळेतून आणायचं, खायला घालायचं आणि आईबाप येईपर्यंत सांभाळायचं, हे माझं काम. बाकीचा दिवस मी त्या तीन तासांची वाट बघण्यात घालवायचे. खिडकीशी उभी राहा, बाजूच्या डेअरीत जाऊन उगीच दूध आणा, परत या, घड्याळ बघा. पुण्यात माझ्यावाचून काही अडत नव्हतं. इथे दिवसाचे तीन तास अडत होतं, आणि मला तेवढं हवं होतं.

त्यात तो हिवाळा. बाहेर दोरीवर कपडे टाकावेत तर वारा ते शेजारच्या अंगणात नेऊन टाकायचा. घरात स्टँडवर घातले तर साड्या वाळायच्या, पण परकर नाही. सुती, जाड, आणि नेफा तर दोन-दोन दिवस ओलसर. मुलगी म्हणायची, "आई, ड्रायरला लाव ना." मी म्हणायचे, "सुती कपडा आटतो." मग तशीच ओलसर नाडी करकचून बांधायची, वर साडी, वर स्वेटर, वर कोट. ओल, ऊब, अंधार. स्टीलचा डबाच झाला होता माझा, पण झाकण उघडून बघायचं काही मला सुचलं नाही.

कंड म्हणजे काय ते ज्याला सुटतो त्यालाच कळतं. पोळी लाटताना सुटायचा, रस्ता ओलांडताना सुटायचा, पाहुण्यांना चहा देताना तर हमखास. एका जागी बसणं संपलं. मी फ्रिजच्या कोपऱ्याला कंबर लावून उभी राहायचे, काहीतरी शोधतेय असं दाखवत. शेवटी धाकट्या बहिणीला पुण्याला व्हिडिओ कॉल केला.

"दाखव," ती म्हणाली.

"फोनवर?"

"मग काय विमानाने येऊ? लहानपणी एका मोरीत आंघोळ केलीय आपण. दाखव."

दाखवलं. ती म्हणाली, "गजकर्ण आहे हे. आमच्या खालच्या केमिस्टकडे एक ट्यूब मिळते. रामबाण. अख्खी सोसायटी तीच लावते, काहीही झालं तरी."

ते 'काहीही झालं तरी' ऐकून शहाण्या बाईने फोन ठेवला असता. मी म्हटलं, "दोन पाठव." इकडे येणारं कुणीतरी असतंच. एका ओळखीच्यांच्या बॅगेतून मेतकूट आणि दोन ट्यूबा आल्या. विमानतळावर मेतकुटाचीच चौकशी झाली म्हणे, बराच वेळ.

आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी कंड बंद. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. मला वाटलं, बहीण डॉक्टर व्हायची राहिली. मग लावायचं थांबवलं, तर चौथ्या दिवशी दुपटीने परत. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. असं करता करता चट्टा नाडीची हद्द सोडून पाठीवर गेला, पोटावर आला, आणि त्याच्या कडा अशा फिसकटल्या की आकृती सुबकही राहिली नाही. ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत चार लांबलचक नावं छापली होती. चष्मा गळ्यातच असायचा. वाचली नाहीत. 'प्रश्न नीट वाचा' असं तीस वर्षं पोरांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकणारी बाई ती.

मग एकदा मुलीने मला दाराच्या चौकटीला पाठ घासताना पकडलं. "आई, म्हशीसारखी काय घासतेयस?" त्यातून ती पहिली डॉक्टरवारी, आणि वजरी, आणि पावडर. डॉक्टरीणबाईंनी विचारलंही होतं की काही क्रीम लावता का, स्टेरॉइड वगैरे? मी म्हटलं, "नो, नो. खोबरेल तेल." मला ते खोटं वाटलंच नाही. स्टेरॉइड म्हणजे व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला घेतात ते. मी लावत होते ते मलम होतं.

शिऱ्यानंतर साधारण महिन्याने नात शाळेतून आली, सोफ्यावर माझ्याजवळ बसली आणि नेहमीसारखा हात माझ्या पदराखाली घातला. टीव्ही बघताना माझ्या पोटाच्या वळ्या चाचपत बसायची तिची सवय होती. थोड्या वेळाने तिने हात काढला, बाही वर केली आणि म्हणाली, "आजी, लुक. अ सर्कल."

कोपराच्या आत, रुपयाएवढं गोल.

मी तिची बाही खाली ओढली आणि म्हटलं, "काही नाही, गजकर्ण आहे."

"व्हॉट्स दॅट?"

"हत्तीचा कान."

ती केवढी खूश झाली. उद्या वर्गात दाखवणार म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी तिला जवळ ओढून म्हटलं, "कुणाला सांगायचं नाही हं. आपलं गुपित. अळीमिळी गुपचिळी."

"अळीमिळी," ती हळू आवाजात म्हणाली. तेवढा एक शब्द मराठीत आला म्हणून मला कोण आनंद झाला. मग मी पर्समधून ट्यूब काढली. एक बोट तिला, एक बोट मला. त्यानंतर रोज सव्वातीनला, टोस्ट खाऊन झाला की आमचं ते चालायचं. आज हे लिहिताना मी उठून दोन फेऱ्या मारून आले. माझं मी काय वाटेल ते केलं, कंबर माझी होती. त्या पोरीचा हात माझा नव्हता.

एकाचे तीन झाले. तिसरं मानेवर, वेणीखाली. त्याच सुमाराला शाळेत पोहायला न्यायचं सुरू होणार होतं. तिला नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणले होते, पट्ट्यापट्ट्यांचे, ती ते घालूनच जेवायला बसायची. पहिल्याच दिवशी बाईंनी मान बघितली आणि चिठ्ठी दिली की डॉक्टरला दाखवून या, तोवर पाण्यात नको.

मुलीने चिठ्ठी वाचली. पोरीची मान बघितली, मग हात बघितला. "आई, हे कधीपासून आहे? तू तर रोज असतेस ना हिच्याजवळ?"

"कालपरवापासून असेल," मी म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्याच डॉक्टरीणबाईंसमोर. मी हट्टाने गेले होते. मला घरी बसवत नव्हतं आणि तिथेही बसवत नव्हतं, खुर्चीच्या कडेवर टेकले होते. त्यांनी पोरीचा हात उजेडात धरला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, यावर काही लावलंय का कुणी?

"नाही," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

नात माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा फुप्फुसांचा तक्ता बघत होते.

"आजी," ती म्हणाली, "मी मलमचा सांगू? अळीमिळी आहे ना?"

जन्मल्यापासूनचं तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य. डॉक्टरीणबाईंना कळू नये म्हणून तिने ते मराठीत विचारलं होतं. त्यांना कळलं नाहीच. कळलं ते तिच्या आईला. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की 'मलमचा' नाही बाळा, 'मलमाचं'.

मुलगी माझ्याकडे वळली. तिने हात पुढे केला. तो हात मला ओळखीचा होता. आठवीत ती माझ्याच वर्गात होती, आणि मी असाच हात पुढे करून सगळ्यांसमोर तिचं दप्तर मागायचे. चिंचा निघायच्या त्यातून. मी पर्स उघडली आणि ट्यूब तिच्या हातावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून ती चारही नावं वाचली. बुरशीचं औषध होतं त्यात, पण त्याच्या जोडीला चांगलं जबरदस्त स्टेरॉइड. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, असं बरंच बघतो आम्ही. स्टेरॉइडने कंड आणि लाली गप्प बसते, शरीर बुरशीशी भांडायचं थांबतं, आणि बुरशी आरामात पसरते. चट्ट्याचं रूप असं बदलतं की आम्हीही फसतो. मुलगी भाषांतर करायला लागली. मी म्हटलं, "कळलं मला." सगळं कळलं. आठवीचाच धडा होता.

मग मी सगळं सांगितलं. वजरी, पावडर, बहीण, सोसायटी. सकाळी गुळवेलीचा काढा घेते तेही सांगितलं. नात ऐकत होती, आ वासून. डॉक्टरीणबाईंनी पातं काढलं आणि दोघींच्याही खपल्या घेतल्या. त्या दिवशी पेशंट मी नव्हते, त्यामुळे घासूनपुसून आलेच नव्हते. भरपूर मिळाल्या. पोरीला लावायला क्रीम लिहून दिलं, एकाच औषधाचं. मला म्हणाल्या, तुमचं फार पसरलंय, मलमाने भागणार नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतील. टर्बिनाफिनच्या. त्याआधी यकृताची रक्ततपासणी. ट्यूब बंद, काढाही बंद.

 गाडी घराच्या चढावर आल्यावर मुलगी म्हणाली, "उद्यापासून ती शाळेतच थांबेल. शाळेनंतरच्या वर्गात. मी येताना घेऊन येईन."

"किती दिवस?"

"बघू."

"अगं, मी आता काही लावणार नाही तिला."

"कालपरवापासून असेल, असंही म्हणाली होतीस तू."

 मी खिडकीबाहेर बघितलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. ट्यूब बंद केल्यावर अंग पेटूनच उठलं. सुरुवातीला वाढेल म्हणून सांगितलं होतंच, पण सांगणं वेगळं. नखं कापली, हातमोजे घातले, तरी हात शांत नाहीत. आणि तीन वाजले की पाय शांत नाहीत. पाय आपोआप चपलेत जायचे. मी उलट्या दिशेने चालायला लागायचे, लायब्ररीपर्यंत, मॉलपर्यंत, औषधाच्या दुकानात जाऊन डबीडबीवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायचे. आता वाचत होते. परत यावं तर घर तसंच, टोस्टर तसाच, सोफ्यावर कुणी नाही.

पोहण्याचा पहिला आठवडा तिचा गेलाच. काठावर बसवलं होतं तिला. संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, "काय केलंस गं?"

"आय वॉज द टाइमकीपर," ती म्हणाली. बाईंनी हातात स्टॉपवॉच दिलं होतं. तिला त्याचंही अप्रूप. मला मात्र टॉग्जचे ते पट्टे डोळ्यांसमोरून हलेनात.

खपल्यांचा निकाल आला. बुरशी होती. या वेळी शिरा केला नाही. रक्त ठीक होतं, गोळ्या सुरू झाल्या, रोज एक. औषधाच्या दुकानातल्या मुलीने बजावलं होतं की बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. आणि दहा-बारा दिवसांत बरं वाटायलाच लागलं. कंड थांबला. परकरही सोडले होते. मुलीच्या वयाच्या बायका घालतात तसली इलॅस्टिकची पँट घालून, ड्रायरमधले गरम कपडे काढत मी उभी असायचे, आणि आयुष्यभर नाडीच्या गाठी सोडवत बसलेल्या त्या बाईची मला कीव यायची.

पण ती बाई गेली नव्हती. एके सकाळी तिने विचार केला की आता कंड नाही तर गोळ्या कशाला? गरम पडतात. उरलेल्या ठेवून देऊ, अडीअडचणीला होतील. पुण्याला माझा एक डबा होता, अशा अडीअडचणीच्या गोळ्यांचा, निम्म्या कशावरच्या तेही आठवत नसे. मी ती गोळी पाकिटातच ठेवली आणि पाकीट मसाल्यांच्या मागे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला नात म्हणाली, "आजी, डिड यू ईट युअर बुरशीची गोळी?"

मुलगी ओट्याशी डबे भरत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा चमचा थांबला. मला 'हो' म्हणता आलं असतं. जिभेवर होतंच ते. 'खोबरेल तेल' आलं होतं, 'कालपरवा' आलं होतं, त्याच वाटेने तेही आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "कालही नाही, परवाही नाही. मसाल्यांच्या मागे ठेवल्यात."

नातीने खुर्ची ओढली, वर चढून पाकीट काढलं आणि आईला दिलं. मुलीने एक गोळी माझ्या हातावर ठेवली. मी पाणी पिऊन होईपर्यंत ती समोर उभी राहिली, उशीर होत होता तरी. मग दुकानात फोन करून राहिलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारलं, आणि पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मिठाशेजारी. तिथून ते शेवटची गोळी संपेपर्यंत हललं नाही. रोज सकाळी नात विचारायची आणि मी जीभ काढून दाखवायचे.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी दोघींना उजेडात फिरवून बघितलं. पोरीच्या मानेवर काही उरलं नव्हतं. माझ्या कमरेवर एक तपकिरी सावली, तीही जाईल म्हणाल्या. घरी येईपर्यंत मी काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल याची भीती. गाडीतून उतरून नात पुढे पळाली. मुलगी किल्ली हातात घेऊन दाराशी थांबली.

"आई, सोमवारपासून तूच आण तिला शाळेतून," ती म्हणाली. "पण निघायच्या आधी पर्स उघडून दाखवायची."